मोटरी चांगल्या आहेत, पॅनल बदला

कोल्हापूरचं उद्यमनगर असू दे नाहीतर शिरोली, जुनी स्टेपरवाली (म्हणजे दर पल्सला एक ठराविक पाऊल फिरणाऱ्या मोटरींची) सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, अडखळायला लागली की पहिला सल्ला ठरलेला असतोय, मोटरी वीक झाल्यात, काढा आणि सर्व्हो (आपली जागा स्वतः तपासत फिरणाऱ्या मोटरी) टाका. सल्ला देणारा बऱ्याचदा सर्व्हो विकणाराच असतोय हा भाग वेगळा. पण खरं सांगू का, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या हायब्रिड स्टेपर मोटरीत खराब होण्यासारखं असतंय तरी काय? दोन बेअरिंगं, मॅग्नेटवाला रोटर आणि तांब्याची वाइंडिंग, ना ब्रश ना एन्कोडर (शाफ्टची जागा मोजणारा सेन्सर). मशीन हळू असतीय ती मागच्या पॅनलमुळं, म्हणजे मोटरींना करंट देणारे ड्राइव्ह असतात त्या कपाटामुळं, आणि ते पॅनल म्हातारं होऊन हळू झालेलं नसतंय, पहिल्या दिवसापासनंच तसं असतंय, कारण त्या काळी स्वस्तात तेवढंच जमत होतं.

सध्या हातात असलेली मशीन एका पॅटर्न शॉपची आहे. कोल्हापूरबाहेरच्यांसाठी सांगतो, आपल्याकडं फौंड्र्या भरपूर, आणि फौंड्री आली की तिला वाळूत साचा उठवायला पॅटर्न लागतोच, लाकडाचा, एमडीएफचा नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा. तर ही तीन अ‍ॅक्सिसची राउटर, बेड बिडाचा म्हणजे कास्ट आयर्नचा, दोन माणसांना हलणार नाही असा, पाच मिलिमीटर पिचचे बॉलस्क्रू अजून घट्ट, आणि वर नेमा ३४ (नेमा म्हणजे मोटरच्या तोंडाचं माप) साइजच्या सहा वायरवाल्या स्टेपर. मालकांचं म्हणणं एवढंच, "बाबा, ही बाराशेच्या वर रॅपिडला पळवली की मधेच कुरकुरतीय आणि थांबतीय, नवी घ्यायची का सांग." (बाराशे म्हणजे मिनिटाला मिलिमीटर, रॅपिड म्हणजे कट न घेता नुसतं पळवणं.) बेड आणि स्क्रू बघितल्यावर नवी घ्या असं सांगायला माझी जीभच वळली नसती, असं बीड आता त्या भावात कुठं मिळतंय.

आधी मोटरी तपासायच्या. सहा वायर म्हणजे दोन कॉइल आणि प्रत्येक कॉइलच्या मधनं एक टॅप बाहेर. मल्टिमीटरनं टॅप ते टोक जेवढे ओहम येतात त्याच्या दुप्पट टोक ते टोक आले पाहिजेत. ओहम इतके कमी असतात की साध्या मीटरच्या वायरींचाच फरक पडतोय, म्हणून आधी प्रोब एकमेकाला टेकवून किती दाखवतोय ते वजा करायचं. मग मोटर ड्राइव्हपासनं सोडवून एका कॉइलची दोन टोकं एकत्र पिरगाळायची आणि शाफ्ट हातानं फिरवायचा, तो जड झाला पाहिजे. जड झाला म्हणजे मॅग्नेट जिवंत आहे आणि कॉइल अखंड आहे. बॉडीला मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावून बघायचं, संपलं.

आणि एक, मोटर उघडू नका. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो, कारण ज्या गावात लोकांनी ऑइल इंजिनं घडवली त्या गावात बंद मोटर बघून कुणाचा पाना गप्प बसणार? पण हायब्रिड स्टेपरचा रोटर स्टेटरमधनं बाहेर ओढला की मॅग्नेटची वाट तुटते आणि तो काही प्रमाणात डीमॅग्नेटाइझ होतोय. जुन्या अल्निको मॅग्नेटच्या मोटरीत तर फारच. परत तसाच्या तसा बसवला तरी गेलेला टॉर्क येत नाही, आणि मग खरंच मोटर वीक होते. ग्रीस घालायला म्हणून उघडलेली चांगली मोटर अशी घालवायची नाही.

आता पॅनल. उघडलं की आत प्रत्येक अ‍ॅक्सिसला चार पॉवर ट्रान्झिस्टर, आणि पंख्यासमोर ओळीनं लावलेले हिरवे वायरवाउंड रेझिस्टर, हात लावायची सोय नाही इतके तापलेले. याला युनिपोलर ड्राइव्ह म्हणतात. मधल्या टॅपला २४ व्होल्ट, ट्रान्झिस्टर एकदा या टोकाला ग्राउंड देतोय, एकदा त्या टोकाला. म्हणजे कुठल्याही क्षणी कॉइलचा अर्धाच भाग काम करतोय, उरलेलं तांबं नुसतं बसून.

आणि ते रेझिस्टर कशाला? मोटरच्या प्लेटवर लिहिलंय ३.४ व्होल्ट, २.९ अँपिअर. ३.४ व्होल्टच दिले तर उभ्या उभ्या मोटर मस्त धरून ठेवेल, पण फिरवायला गेलं की बोंब, कारण कॉइल म्हणजे इंडक्टन्स, तिच्यात करंट एकदम चढत नाही, जड फ्लायव्हील जसं पहिल्या हँडलला वेग घेत नाही तसंच. करंट लवकर चढवायचा तर व्होल्टेज जास्त पाहिजे, आणि व्होल्टेज जास्त दिलं तर थांबलेल्या मोटरीत करंट मर्यादेबाहेर जाऊन ती जळणार, म्हणून मधे रेझिस्टर. हिशोब करून बघा, २४ मधनं ३.४ गेले, उरले २०.६ व्होल्ट, त्याला २.९ नं भागलं की साधारण ७ ओहम, आणि त्या एका रेझिस्टरवर जवळजवळ ६० वॅटची उष्णता. दोन फेज चालू म्हणजे १२० वॅट नुसते गरम व्हायला आणि मोटरला मिळतात वीस. तीन अ‍ॅक्सिस धरा, म्हणजे मशीन उभी असली, मेस्त्री जेवायला गेले असले तरी साडेतीनशे वॅट पॅनलमधे जळत असतात. मालकांना हा आकडा सांगितला तेव्हा कुठं ते खुर्चीत सरळ बसले, वेगाचं त्यांना एवढं नव्हतं, बिलाचं होतं.

चॉपर ड्राइव्हचा विचार उलटा आहे. व्होल्टेज भरपूर द्यायचं, रेझिस्टर नाही, आणि कॉइलमधला करंट सतत मोजत राहायचं, ठरवलेल्या आकड्याला पोचला की स्विच बंद, थोडा उतरला की परत चालू, हे सेकंदाला हजारो वेळा. ऐंशीच्या दशकापासनं एल२९७ आणि एल२९८ ची जोडी हेच काम करत आलीय, कितीतरी जणांनी कॉलेजच्या प्रोजेक्टला ती लावली असेल. पण एल२९८ च्या आत बायपोलर ट्रान्झिस्टर आहेत, दोन अँपिअरला तीन-चार व्होल्ट तो स्वतःच खातोय, आणि दोन अँपिअरच्या पुढं त्याची झेपच नाही. एवढ्या मोटरीला त्याचा उपयोग नाही, मॉस्फेटवाला (मॉस्फेट म्हणजे स्वतः कमी व्होल्टेज खाणारा ट्रान्झिस्टर) ड्राइव्हच पाहिजे.

इंडक्टन्स मोजायच्या एलसीआर मीटरनं अर्धी कॉइल मोजली तर ३ मिलिहेन्री. जुन्या पॅनलात २४ व्होल्ट आणि रेझिस्टर धरून करंट ९० टक्क्यांवर पोचायला साधारण ०.८ मिलिसेकंद लागतात. तीच अर्धी कॉइल चॉपरला लावून ३६ व्होल्ट दिले तर पूर्ण करंट पाव मिलिसेकंदात. मिनिटाला ६०० फेरे म्हणजे या पाच पिचच्या स्क्रूवर ३००० मिलिमीटरचा वेग, तेव्हा एका फुल स्टेपला (फेऱ्याला अशा २००) मिळतात फक्त ०.५ मिलिसेकंद. वेग कुठं अडकत होता ते या आकड्यांतच दिसतंय. मोटर फिरायला लागली की ती स्वतः उलटं व्होल्टेज तयार करते, तो भाग यात धरलेलाच नाही, तो धरला तर जुन्या पॅनलची अवस्था अजून वाईट.

इथं सहा वायरवाल्यांना निवड करायची असते. टोक ते टोक अख्खी कॉइल वापरली तर तेवढ्याच उष्णतेत खालच्या वेगाला टॉर्क सुमारे १.४ पट मिळतोय, पण इंडक्टन्स चौपट, म्हणजे आपल्या केसमधे १२ मिलिहेन्री, आणि करंट २.९ च्या ०.७ पट म्हणजे २.०५ अँपिअर ठेवायचा. टॅप ते एक टोक अशी अर्धी कॉइल वापरली तर करंट पूर्ण आणि वरच्या वेगाला टॉर्क टिकतोय. उरलेलं टोक मात्र मोकळं आणि नीट इन्सुलेट करून ठेवायचं, त्याच्यावरही व्होल्टेज येत असतंय. पॅटर्नच्या कामात कट हलका आणि पळापळ जास्त, म्हणून मी अर्धी कॉइल घेतली. कुणाची मिलिंग असेल, हळू आणि जड कट, तर अख्खी घ्या. यात दोन मतं असणारे भेटतील, भांडत बसू नका, टॅप बदलायला पाच मिनिटं लागतात, दोन्ही करून बघा.

ड्राइव्ह कुठला घ्यायचा? टीबी६५६० चिपचे तीन-चार अ‍ॅक्सिस एकाच बोर्डवर असलेले स्वस्त बोर्ड अजून मिळतात. ती चिप ४० व्होल्टच्या पुढं मरते, आणि लॉजिकचे ५ व्होल्ट आधी आले पाहिजेत, मोटरची सप्लाय नंतर, असं तिच्या डेटाशीटमधेच लिहिलंय. आपल्या वर्कशॉपात मेन स्विच खाडकन ओढायची पद्धत, आधी कोण आणि नंतर कोण हे कुणाला विचारून येतंय? टीबी६६०० म्हणून जे डबे विकतात त्यातल्या बऱ्याच डब्यांत आत टीबी६७एस१०९ असतोय, तो काही वाईट नाही, पण डब्यावर लिहिलेला करंट त्याच्याकडनं सतत मागू नका. मी डीएम५४२ जातीचा डीएसपीवाला (आत सिग्नल प्रोसेसर असलेला) घेतला, २० ते ५० व्होल्ट, पीक करंट १ ते ४.२ अँपिअर, आणि मधल्या वेगाला मोटर जी गुरगुरते आणि टॉर्क सोडते तो रेझोनन्स हे डीएसपीवाले बऱ्यापैकी दाबतात. नव्या मोटरींवर घालवायचे पैसे इथं घाला. पीक (करंटचा सगळ्यात वरचा आकडा) आणि आरएमएस (उष्णतेच्या हिशोबाचा आकडा) मधे मात्र गडबड करू नका, ३.७६ पीक म्हणजे २.६९ आरएमएस, मी तेवढ्यावर डिप स्विच ठेवलेत. उभी असताना करंट अर्धा करायचा एक स्विच असतोय, एक्स आणि वायला तो चालू ठेवला. झेडला नाही, स्पिंडलचं वजन आहे. मोटरची बॉडी ८० डिग्रीपर्यंत गेली तरी घाबरायचं कारण नाही, क्लास बी वाइंडिंग १३० ला असतीय, हात भाजला म्हणजे मोटर जळली असं नाही.

हुपरीच्या चांदीवाल्यांकडं छोट्या एनग्रेव्हिंग मशीन असतात, त्यातल्या एकानं विचारलं होतं की आवाज नको. त्यांना टीएमसी२२०९ बरा, २९ व्होल्ट आणि २ अँपिअर आरएमएस ही त्याची हद्द, नेमा १७ ला पुरतोय आणि खरंच आवाज येत नाही. पण त्याच्या त्या शांत मोडमधे वेगानं दिशा बदलणारा जड कट द्यायचा नाही, तिथं दुसरा मोड लावायचा.

मायक्रोस्टेपवरनं, म्हणजे एका फुल स्टेपचे ड्राइव्हनं केलेले बारीक तुकडे, त्यावरनं जरा बोलायचंय. दुकानदार सांगतोय २५६०० पल्सला एक फेरा, आणि घेणारा पाच मिलिमीटरला २५६०० नं भागून खुश, ०.२ मायक्रॉन! अहो, लाकूड कापताय. एक मायक्रोस्टेप पुढं गेला म्हणजे शाफ्ट तेवढा हलतोच असं नाही, त्या एका मायक्रोस्टेपमागं होल्डिंग टॉर्कचा किती हिस्सा असतोय ते साइनवरनं निघतंय. एका फुल स्टेपचे ५ तुकडे केले तर ३१ टक्के, १० केले तर १५.६ टक्के, आणि २५६०० वाल्या सेटिंगला, म्हणजे १२८ तुकड्यांना, जेमतेम १.२ टक्के. एवढा टॉर्क स्क्रूच्या नटमधल्या घर्षणातच संपतोय. मायक्रोस्टेप मोटर गुळगुळीत चालायला असतोय, अचूकता वाढवायला नाही. मी फेऱ्याला १००० पल्स ठेवले, मिलिमीटरला २००, म्हणजे पल्सला ५ मायक्रॉन, आणि कॉम्प्युटरला पण ३००० च्या वेगाला सेकंदाला १०,००० च पल्स द्यावे लागतात.

सप्लाय ३६ व्होल्ट १० अँपिअरची एसएमपीएस. ४८ ची का नाही असं विचारणारे आहेत, विचारा. ड्राइव्हची हद्द ५० आणि गँट्री (मशीनची सरकणारी कमान) जोरात थांबली की मोटर जनरेटर होऊन व्होल्टेज उलटं सप्लायवर टाकते, दोन व्होल्टची जागा त्याला पुरत नाही. टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर घेणार असाल तर २८ व्होल्ट एसीचे रेक्टिफाय करून सुमारे ३८ होतात, पण रात्री एमआयडीसीत लोड उतरला की लाईन २५० ला जाते, तो वाढीव टक्का धरूनच ट्रान्सफॉर्मर निवडा. प्रत्येक ड्राइव्हला सप्लायपासनं स्वतंत्र जोडी ओढायची, एकातनं दुसऱ्यात उडी मारायची नाही. आणि जुन्या पॅनलात ड्राइव्ह आणि मोटरच्या मधे कॉन्टॅक्टर होता तो पहिला काढला, चालू करंटात मोटरची वायर तुटली की आउटपुट मॉस्फेट जातोच, इमर्जन्सी बटण सप्लायच्या बाजूला घ्या.

शेजारी फौंड्री, तिथं इंडक्शन फर्नेस, इकडं स्पिंडलचा व्हीएफडी (वेग बदलणारा ड्राइव्ह), पलीकडं वेल्डिंग. अशा ठिकाणी ५ व्होल्टच्या लिमिट स्विच (मशीन टोकाला पोचल्याचं सांगणारा) वायर दहा फूट नेल्या की कधी आपोआपच लिमिट लागल्याचं दाखवतात, मशीन मधेच थांबते आणि मेस्त्री भुताटकी म्हणतात. लिमिट २४ व्होल्टवर घ्या, ऑप्टोमधनं (वायर न जोडता प्रकाशानं सिग्नल पलीकडं देणारा पार्ट). मोटर केबल शिल्ड असलेली, शिल्ड पॅनलच्या बाजूलाच अर्थ, दुसरं टोक मोकळं. स्पिंडलची केबल वेगळ्या डक्टमधनं. ड्राइव्हच्या पल्स इनपुटला ५ व्होल्ट लागतात, २४ चे सिग्नल द्यायचे तर सिरीजमधे २ किलोओहम, नाहीतर आतला ऑप्टो जातोय.

आता जी गोष्ट लोक शेवटपर्यंत पकडत नाहीत ती. गोकुळ शिरगावला एका ओळखीच्यांच्या मशीनवर पॅटर्नचं फिनिशिंग झिगझॅग चालवलं की शेवटाला सगळं काम एका बाजूला मिलिमीटरभर सरकलेलं, रोज त्याच बाजूला. तिथंही निदान तयार होतं, मोटरी वीक! वीक मोटर स्टेप सोडते तेव्हा कुठंही, कितीही सोडते आणि बरोबर आवाज करते. रोज सारखं आणि एकाच दिशेला सरकत असेल तर तो सिग्नलचा घोळ. ड्राइव्ह पल्सच्या एकाच कडेला स्टेप मोजतोय, चढत्या नाहीतर उतरत्या. सॉफ्टवेअरमधे पल्स उलटा सेट असला तर दिशेचा सिग्नल बदलायला आणि ड्राइव्हनं स्टेप मोजायला एकच वेळ येते, आणि जाऊन-येऊन एका फेरीत एखादा पल्स हिशोबातनं सुटतोय. एक पल्स ५ मायक्रॉन, जाऊन-येऊन दोनशे फेऱ्या, झाला एक मिलिमीटर. सॉफ्टवेअरमधे स्टेपच्या पिनला उलटं करायचा एक टिक मार्क असतोय, तो बदलला आणि डायरेक्शनचा सेटअप टाइम ५ मायक्रोसेकंदाच्या वर ठेवला, सरकणं बंद. एक रुपयाचा माल लागला नाही.

कॉम्प्युटरचं थोडक्यात सांगतो. जुना डॉसवाला पीसी काढून लिनक्ससीएनसी हे मशीन चालवायचं सॉफ्टवेअर टाकलं. मूळ अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी संस्थेत ईएमसी म्हणून सुरू झालेलं, फुकट आहे. पॅरलल पोर्टवरनं सॉफ्टवेअर पल्स द्यायचे तर आधी लेटन्सी टेस्ट (पीसी पल्स वेळेवर देतोय का ते बघणारी) तासभर चालवून बघा, नवा महागडा पीसी नापास होतोय आणि भंगारातला ऑफिसचा डबा पास, असं सर्रास घडतंय. नव्या बोर्डांच्या पोर्टवर ३.३ व्होल्टच येतात, मधे बफर असलेला ब्रेकआउट बोर्ड पाहिजे. माक३ (विंडोजवरचं असंच सॉफ्टवेअर) हातात बसलेल्यांना एवढंच सांगणं, त्याचा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाही.

चालू झाल्यावर डायल लावून टेस्ट केली. टेबल डायलला टेकवून शून्य, मग प्रोग्रॅमनं वेडंवाकडं पळवायचं, परत त्याच जागी आणायचं, काटा शून्यावर पाहिजे. मोटरी थंड असताना एकदा आणि दुपारी चांगल्या तापल्यावर परत. वेग वाढवत गेलो तर पाच हजारच्या आसपास मोटर थांबली, म्हणून रॅपिड तीन हजारावर बांधला. तेवढी जागा राखून ठेवायचीच, लाकडात गाठ लागली, स्क्रूवर धूळ बसली, तेव्हा ती कामाला येते. मेस्त्रींनी पहिला रॅपिड बघून "आवो, दमानं घ्या" म्हणत हात मागं घेतला, एवढ्या वर्षांत या मशीननं त्यांना कधी घाबरवलं नव्हतं.

क्लोज्ड लूप स्टेपर का नाही घेतले? चांगले असतात, स्टेप सुटली तर कळतं. पण त्याला एन्कोडरवाल्या नव्या मोटरीच लागतात, आणि इथल्या मोटरींना काही झालेलं नाही.

फक्त तुमच्या जुन्या मोटरीला पाच वायर असतील तर हे सगळं असं लागू होत नाही. पाच वायर म्हणजे दोन्ही कॉइलचे टॅप आतच एकत्र जोडलेत, अशी मोटर या बायपोलर (म्हणजे कॉइलमधे दोन्ही दिशेनं करंट देणाऱ्या) ड्राइव्हवर चालत नाही. ते जोड आत वाइंडिंगपाशी असतात आणि तिथं पोचायला मोटर उघडावी लागते, म्हणजे परत तोच रोटरचा प्रश्न. तेवढ्या केसमधे मोटर बदला, आठ वायरवाली घ्या, तिची अर्धी, सिरीज, पॅरलल अशी कशीही जोडणी करता येते.